दगडी वाड्यात ख्याल रेकॉर्ड करताना

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यात घरच्या घरी ख्याल रेकॉर्ड केला आणि ऐकताना तानेचे स्वर एकमेकांत मिसळलेले वाटले, की बहुतेक जण नवा माइक घ्यायला निघतात. घाई करू नका. आधी खोली बघा.

५ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशी रिकामी खोली धरू. घनफळ ४५ घनमीटर. भिंती, छत आणि फरशी मिळून ७८ चौरस मीटर. दगड आणि चुन्याचा गिलावा अंगावर पडलेल्या ध्वनीचा जेमतेम ३ टक्के भाग शोषतो, म्हणजे एकूण शोषण सुमारे २.३ चौरस मीटर. घनफळाला ०.१६१ ने गुणून शोषणाने भागलं की घुमारा किती वेळ टिकतो ते कळतं. इथे उत्तर येतं ३.१ सेकंद, आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारा हा वेळ. हे सूत्र वॉलेस सॅबिन यांचं. हार्वर्डमधल्या एका व्याख्यानगृहात काहीच नीट ऐकू येत नसे, म्हणून १८९५ पासून त्यांनी तिथे ऑर्गनची नळी वाजवून आणि नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून मोजमापं घेतली.

आता तान घ्या. सेकंदाला ८ स्वर गेले तर एका स्वराच्या वाट्याला १२५ मिलिसेकंद येतात. तेवढ्यात या खोलीतला आधीचा स्वर फक्त अडीच डेसिबल उतरलेला असतो आणि त्याच्या डोक्यावर पुढचा येऊन बसतो. ग्वाल्हेर गायकीतल्या सपाट तानेची सगळी शान तिच्या दाण्यात असते, आणि नेमका तोच हरवतो. मिक्सिंगमध्ये हा घुमारा नीट काढता येत नाही. त्यासाठीची सॉफ्टवेअर आवाजातला जीवही थोडा घेऊन जातात.

सॅबिनच्या गाद्यांचं काम आपल्याकडे रजया करतात. १० चौरस मीटर, म्हणजे तीन-चार रजया टांगल्या की मधल्या आणि वरच्या पट्टीत घुमारा साधारण ०.८ सेकंदावर येतो, आणि दोन स्वरांमध्ये आवाज ९ डेसिबलने उतरतो. रजई भिंतीला चिकटवू नका, १० सेंटिमीटर पुढे टांगा. भिंतीला लागून हवेचे कण जवळजवळ हलत नाहीत, आणि कापूस हलत्या हवेचीच ऊर्जा खातो. दबून गठ्ठे झालेली रजई कमी उपयोगाची. हवा आत शिरली पाहिजे. पहिली रजई गाणाऱ्याच्या पाठीमागे, कारण कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचाच आवाज घेणाऱ्या, माइकचं तोंड त्याच दिशेला असतं. मग दोन्ही बाजूंना. गाणारा आणि माइक यांच्यामध्ये जमिनीवर जाड सतरंजी दुहेरी घालून पसरा.

५०० हर्ट्झच्या खाली मात्र रजईची ताकद झपाट्याने घटते. ३ मीटर रुंदीत ५७ हर्ट्झची स्थिर लहर उभी राहते, आणि डग्ग्याचा घुमार तिच्या आसपासच असतो. खोलीच्या बरोबर मधोमध ती लहर ऐकूच येत नाही, कोपऱ्यात फुगून येते. तबल्याचा माइक या दोन्ही जागा टाळून ठेवा.

गळ्यापासून माइक २०–२५ सेंटिमीटर, तोंडाच्या सरळ रेषेतून किंचित बाजूला. रेकॉर्डिंगचं सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सगळ्यात जोरकस तार सप्तकाची तान रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे १० डेसिबलपर्यंत जाईल इतकाच गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवणारं बटण, ठेवा. तयार सेटिंगमध्ये १०० हर्ट्झचा लो-कट, म्हणजे त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर, असतो, तो डोळे मिटून लावू नका. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा मंद्र षड्ज ६९ हर्ट्झवर असतो, म्हणजे फिल्टर तो कापूनच टाकेल. ६० हर्ट्झ पुरे. तबल्याचा माइक गाणाऱ्यापासून निदान पाऊण मीटर लांब हवा. गळ्याचा आवाज दोन्ही माइकमध्ये गेला आणि अंतराचा फरक ६८ सेंटिमीटर असला, तर २ मिलिसेकंदांच्या उशिरामुळे २५०, ७५०, १२५० हर्ट्झवर खड्डे पडतात. तबल्याच्या माइकमध्ये गळा जितका जोरात शिरेल, तितके ते खोल, आणि आवाज पोकळ वाटू लागतो.

इतकं करून हाती आलेला कोरडा गळा ऐकायला रुक्ष असतो. आता त्याच वाड्याचा दगड परत बोलवायचा, पण आपल्या हिशेबाने. जिना किंवा चौकाभोवतीचा ओटा, जिथे घुमारा सुंदर वाटतो, तिथे एक स्पीकर ठेवा आणि ३–४ मीटरवर माइक. रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत चढत जाणारा एक सूर वाजवतं, आणि रेकॉर्डिंगवरून त्या जागेचा ध्वनिठसा, म्हणजे तिथे आवाज कसा घुमतो याची नोंद, काढून देतं. ही पद्धत अँजेलो फरिना यांनी २००० साली मांडली. फुगा फोडूनही ठसा मिळतो, पण त्याची खालची पट्टी दुबळी असते. सूर शक्य तितका लांब, एकाच दमात घ्या. अनेकदा घेऊन सरासरी काढली तर मधे हवा हलते आणि वरची पट्टी पुसट होते. पहाटे रस्ता शांत असताना करा. सूर संपल्यावर ५ सेकंद कुणी हलू नये, नाहीतर विरत जाणाऱ्या घुमाऱ्याच्या शेपटीत पावलं रेकॉर्ड होतात आणि मग ती प्रत्येक स्वराला चिकटतात.

हा ठसा रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या घुमारा देणाऱ्या प्लगइनमध्ये, म्हणजे रिआव्हर्बमध्ये, घाला. ठशाच्या सुरुवातीचा थेट आवाज कापा. प्री-डिले, म्हणजे घुमारा सुरू व्हायच्या आधीचा उशीर, २५ मिलिसेकंद ठेवा, म्हणजे शब्द आधी पोचतो आणि घुमारा मागून येतो. घुमाऱ्यावर २५० हर्ट्झचा लो-कट लावा. विलंबितात पूर्ण शेपटी चालते. द्रुत सुरू होताच ती एक सेकंदाच्या आत आणा, कारण इथेही तानेचा हिशेब तोच लागू होतो. तानपुऱ्याला थोडा जास्त घुमारा द्या, तबल्याला अगदी कमी. पातळी ठरवताना घुमारा हळूहळू वाढवत न्या, आणि तो वेगळा ऐकू येऊ लागला की तिथून ३ डेसिबल खाली आणा.