चालू कंटेनरचा बॅकअप: स्नॅपशॉट काय करतो आणि तुम्ही काय करायचं

तुमची वेबसाइट किंवा हिशेबाचं सॉफ्टवेअर ज्या कंटेनरमध्ये (सर्व्हरवरच्या स्वतंत्र कप्प्यात) चालतं, तो बंद न ठेवता आम्ही त्याचा बॅकअप घेतो. चालू कंटेनरच्या फायली नुसत्या एकामागून एक कॉपी केल्या तर शेवटच्या फायलीपर्यंत पोचेस्तोवर पहिल्या फायली बदललेल्या असतात. पावती जुनी आणि तिची नोंद नवी, असा घोळ रिस्टोअर करतानाच उघडकीला येतो. म्हणून स्नॅपशॉट, म्हणजे एका क्षणी डिस्क जशी होती तसं तिचं गोठलेलं चित्र.

बॅकअपच्या वेळी कंटेनरमधल्या प्रोसेस क्षणभर थांबवल्या जातात, डिस्कचा स्नॅपशॉट घेतला जातो आणि काम पुन्हा सुरू होतं. त्या क्षणी डेटाची कॉपी होतच नाही, म्हणून हे इतकं झटपट उरकतं. आमच्याकडे एलव्हीएम (लिनक्समधली डिस्कची जागा सांभाळणारी व्यवस्था) आहे. त्यात स्नॅपशॉटनंतर एखादा ब्लॉक (डिस्कचा छोटा तुकडा) बदलायची वेळ आली की त्यातला जुना डेटा आधी राखीव जागेत हलवला जातो आणि मगच नवा लिहिला जातो. त्या गोठलेल्या चित्रावरून आम्ही आर्काइव्ह (सगळ्या फायलींची मिळून एक फाइल) तयार करून दुसऱ्या मशीनवर ठेवतो आणि स्नॅपशॉट काढून टाकतो. नुसता स्नॅपशॉट हा बॅकअप नव्हे. तो मूळ डिस्कवरच असतो. डिस्क गेली की तोही गेला.

बॅकअप चालू असताना डिस्कवरचं लिखाण थोडं मंदावतं. राखीव जागा भरली तर मात्र स्नॅपशॉट बाद होतो आणि त्या वेळचा बॅकअप हातचा जातो. मोठी आयात किंवा हजारो फोटोंचं अपलोड कृपया त्या वेळेत ठेवू नका.

डेटाबेसकडे मात्र नीट लक्ष द्या. स्नॅपशॉटमध्ये डिस्कवरचं सगळं येतं, मेमरीतलं येत नाही. त्यामुळे रिस्टोअर केलेला डेटाबेस अचानक वीज गेल्यानंतर उठावा तसा उठतो. पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस आणि मायएसक्यूएल या डेटाबेसमधला इनोडीबी हा टेबलांचा प्रकार आपापल्या लॉगवरून (बदलांच्या नोंदवहीवरून) स्वतःला सावरून घेतात. मायएसक्यूएलमधल्याच मायआयसॅम प्रकारच्या टेबलांना ती सोय नाही, ती खराब होऊ शकतात. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अशी टेबलं अजून सापडतात, तेव्हा एकदा तपासून घ्याच.

कुठलाही डेटाबेस असो, बॅकअपच्या आधी क्रॉन (ठरल्या वेळी काम आपोआप करणारी सोय) लावून त्याचा डंप (डेटाची वेगळ्या फाइलमधली नक्कल) काढून ठेवा, असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे. इनोडीबीसाठी मायएसक्यूएलडंप या डंप काढणाऱ्या आज्ञेला ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय द्या, म्हणजे टेबलं लॉक न होता एकाच क्षणाचा डेटा मिळतो. डंप आधी तात्पुरत्या नावाने लिहा आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव द्या. नाहीतर अर्धवट फाइल बॅकअपमध्ये येते आणि वरवर पाहता ती पुरी वाटते.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: होस्टवरचं (कंटेनर ज्या मशीनवर चालतो त्यावरचं) एखादं फोल्डर बाइंड माउंटने कंटेनरमध्ये जोडलेलं असेल, तर ते या बॅकअपमध्ये येत नाही. आत ते बाकीच्या फोल्डरांसारखंच दिसतं, पण त्याची सोय वेगळी करावी लागते. तुमच्याकडे असं फोल्डर असेल तर आम्हाला कळवा.

रिस्टोअरची मागणी करताना पूर्ण कंटेनर हवा की एखादीच फाइल, आणि कोणत्या तारखेची, हे लिहा. पूर्ण कंटेनर आम्ही आधी वेगळ्या नावाने आणि वेगळ्या आयपीवर उभा करतो. तो उघडून लॉगिन करा, शेवटची नोंद कुठल्या वेळेची आहे ते पाहा आणि आम्हाला सांगा. तोवर चालू कंटेनरला आम्ही हात लावत नाही. काहीही बिघडलेलं नसतानाही अशी चाचणी करून पाहायची असेल तर जरूर मागा.