आठ दिवसांत काढलेला ‘निल’ रिपोर्ट

एचआयव्हीबद्दल सांगायला मी वर्गात उभी राहते तेव्हा पोरं डासांचं विचारतात, उष्ट्या पाण्याचं विचारतात. यातून एचआयव्ही होत नाही, एवढं सांगितलं की ते प्रश्न संपतात. खरा प्रश्न येतो नंतर, सायकल स्टँडपाशी. गेल्या डिसेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी बारावीतला मुलगा बराच वेळ घुटमळून जवळ आला. “मॅडम, माह्या दोस्ताले विचाराचं होतं. आठ दिवसांत तपासलं आन् रिपोर्ट निल आला, तर मंग भेव नाही ना?”

दोस्त कोण, हे मी कधीच विचारत नाही. उत्तर मात्र घाई न करता देते, कारण फसगत नेमकी इथेच होते.

नेहमीची चाचणी विषाणू शोधत नाही. विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. ती चाचणीत दिसण्याइतकी तयार व्हायला साधारण ३ आठवडे ते ३ महिने लागतात. सरकी टोबल्याच्या दुसऱ्या दिवशी धुऱ्यावरून पाहिलं तर वावर काळंच दिसतं, म्हणून पेरणी झालीच नाही असं कोणी म्हणत नाही. या काळाला ‘विंडो पिरियड’ म्हणतात. धोक्याची गोष्ट ही, की या सुरुवातीच्या आठवड्यांतच रक्तात विषाणूची संख्या प्रचंड वाढलेली असते आणि लागण दुसऱ्याला देण्याची शक्यताही सर्वाधिक असते. थोडा ताप येतो, घसा धरतो, अंगावर पुरळ उठते. पोरगा व्हायरल समजून गोळी घेतो, खिशात निल रिपोर्ट असतोच, आणि निरोध वापरायचा राहून जातो.

म्हणून चाचणी आज करा आणि ३ महिन्यांनी पुन्हा करा. मधल्या काळात निरोध हवाच. निरोधाशिवाय संबंध येऊन ७२ तास झाले नसतील तर तडक डॉक्टरांना गाठा. लागण रोखणारी औषधं २८ दिवस घ्यावी लागतात, आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितकी बरी.

जत्रेतल्या टॅटूचंही सांगते. एकच सुई, शाईची एकच वाटी आणि पुसायला तोच फडका. तिथे एचआयव्हीपेक्षा हिपॅटायटीस बी या यकृताच्या आजाराची भीती मोठी, कारण त्याचा विषाणू शरीराबाहेर ७ दिवस तग धरतो. सुई नवी, पाकीट समोर फोडलेलं असेल तरच हात पुढे करा.

दवाखान्यात जायला पोरं आजारापेक्षा गावाला जास्त भितात. रक्त घेणारा मामाच्या ओळखीचा निघाला तर? ही भीती मला खोटी वाटत नाही. म्हणूनच कायदा सांगते. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय चाचणी करायला आणि कोणाचा अहवाल फोडायला मनाई आहे. आयसीटीसी म्हणजे सरकारी समुपदेशन आणि चाचणी केंद्रात चाचणी फुकट होते, आधी समुपदेशक बसवून बोलतात. फोनवरच विचारायचं असेल तर १०९७ हा क्रमांक आहे, तोही मोफत.

आणि लागण निघालीच तर? सरकारी केंद्रांत २००४ पासून औषध मोफत मिळतं. उपचार न घेता वर्षं गेली, रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या सीडी-४ पेशी २०० च्या खाली गेल्या, की एड्सची अवस्था येते. गोळ्या रोज नेमाने घेतल्या तर विषाणू इतका दबतो की चाचणीत सापडत नाही, आणि तो तसाच दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागणही होत नाही.

मुलगा बोटांवर महिने मोजत होता. “म्हणजे मार्चात पुन्हा न्या लागीन त्याले. पण मार्चात तं पेपर आहेत, मॅडम.”

“शेवटचा पेपर सुटला की घेऊन जा,” मी म्हटलं. “आणि आजची चाचणी अजून राहिली आहे. ग्रामीण रुग्णालय स्टँडच्या मागेच आहे.”