कोंबडे एकत्र पाळणे

एकाच खुराड्यात किंवा आवारात अनेक नर कोंबडे रक्तपात न होता नांदवण्याची पद्धत. अंड्यांतून निघणाऱ्या पिल्लांत साधारण निम्मे नर असतात आणि दहाबारा माद्यांमागे एक नर पुरतो. उरलेल्यांचा प्रश्न गावाकडे सहसा सुरीने सुटतो : जत्रा, पाहुणे, कोकणात देवाला द्यायची राखण, म्हणजे कोंबड्याचा बळी. अंड्यांसाठीच्या जातींच्या हॅचरीत तर नर पिल्ले पहिल्याच दिवशी मारण्याची रीत आहे. जर्मनीने २०२२ पासून तिच्यावर बंदी घातली. ज्यांना हौसेपोटी, जात टिकवण्यासाठी किंवा जिवावर उठवत नाही म्हणून सगळे नर ठेवायचे आहेत, त्यांना ही पद्धत लागते.

भांडणाचे मूळ अंडकोषांतील संप्रेरकात आहे. गटिंगेनच्या आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी १८४९ मध्ये कोंबड्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. खच्ची केलेल्या नरांचा तुरा वाढेना, ते आरवेनात, झुंजेनात. पोटात अंडकोष पुन्हा बसवलेले मात्र इतर कोंबड्यांसारखेच वागले. ही खुमखुमी साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात, आरवणे सुरू होते त्या सुमारास अंगात येते. कालपर्यंत एकत्र दाणे टिपणारे भाऊ तेव्हा मान फुगवून समोरासमोर उभे राहतात.

तरी प्रत्येक झुंज थांबवायची नसते. कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणाला टोचायचे याची उतरंड असते, हे नॉर्वेच्या थोरलेफ शेल्डरुप-एब्बे यांनी १९२० च्या दशकात दाखवले. नरांची उतरंड माद्यांहून वेगळी असते. ती एकदा ठरली की बहुतेक तंटे नुसत्या नजरेवर मिटतात. पहाटेच्या बांगेतही हा मान पाळला जातो : जपानमधील नागोया विद्यापीठाच्या २०१५ मधील संशोधनानुसार आधी वरिष्ठ कोंबडा आरवतो, मग बाकीचे उतरत्या क्रमाने. (कोंबडे झाकले तरी तांबडे फुटते ही म्हण खरीच, पण थोरला झाकला तर दुसऱ्या क्रमांकाचा पुढे होतो.) म्हणून दोघे उड्या मारून लाथा झाडत असले आणि एकाने मान खाली घालून पळ काढला, तर मध्ये पडू नये. पळालेल्याचा पाठलाग थांबत नसेल किंवा रक्त आले असेल, तर मात्र लगेच वेगळे करावे. रक्ताळलेल्या तुऱ्यावर बाकीचेही चोच मारतात.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे माद्या नजरेआड ठेवणे. नुसत्या नरांचा कळप, तोही एकाच उबवणीतला, पुष्कळदा आश्चर्य वाटावे इतका शांत राहतो. जाळीपलीकडे तलंगा (तरुण माद्या) दिसत असल्या तर हा उपाय निम्मा वाया जातो. माद्यांसह अनेक नर ठेवायचे, तर मोकळे आवार आणि भरपूर माद्या हव्यात. मग एकेक कोंबडा आपला जथा घेऊन वेगळा चरतो. माद्या कमी पडल्या की त्यांच्याच पाठीची पिसे झडतात. कनिष्ठ नर मात्र वाट काढतातच : ऑस्ट्रेलियातील मॅक्वेरी विद्यापीठाच्या अभ्यासात, वरिष्ठ जवळ असताना ते मादीला दाणा दाखवताना आवाज गिळून नुसती मान हलवतात असे आढळले.

जागेचा आकार तिच्या क्षेत्रफळाइतकाच महत्त्वाचा. हरलेल्याला पळून दृष्टीआड होता आले पाहिजे. म्हणून मध्ये फळ्या, झुडपे, पालथी डालगी ठेवतात, पण जिथे तो कोंडला जाईल असा बंद कोपरा ठेवत नाहीत. दाणापाणी दोन-तीन ठिकाणी ठेवावे, नाहीतर थोरला एकाच भांड्यावर पहारा देतो. रात्री बसायच्या दांड्या लांब हव्यात. पायामागच्या काट्याचे टोक कानशीने बोथट करता येते, मात्र आत जिवंत हाड असल्याने मुळाशी कापू नये. अंडी घालणाऱ्या माद्यांसाठीचे ‘लेअर’ खाद्य नरांना देऊ नये; अंड्याच्या कवचासाठी त्यात घातलेले कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडाला सोसत नाही.

नवा कोंबडा थेट कळपात सोडणे ही नेहमीची चूक. आधी आठवडा-दोन आठवडे जाळीआड शेजारी ठेवून मग सोडावा. आजारपणात दोन-तीन आठवडे बाजूला ठेवलेला जुना कोंबडाही परका ठरतो. कोंबड्या एकमेकांना मुख्यतः डोके व तुरा पाहून ओळखतात, त्यामुळे तुऱ्याला जखम होऊन रूप बदलले तरी घरचाच नर शत्रू वाटू शकतो.

जातीपुढे काही वेळा इलाज नसतो. कोचीन, ब्रह्मा हे भारदस्त कोंबडे त्या मानाने थंड असतात. झुंजीसाठीच पिढ्यान्‌पिढ्या निवडलेला असील मात्र प्रतिस्पर्धी पळाला तरी सोडत नाही. करमणुकीसाठी प्राणी झुंजवणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरवले आहे, पण जातीचा स्वभाव कायद्याने बदललेला नाही. असील पाळणारे प्रत्येक नर पायाला दोरी बांधून, दुसऱ्यापर्यंत पोचणार नाही इतक्या अंतरावर किंवा स्वतंत्र खुराड्यात ठेवतात.