फंडात टाकू की ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत?

आमच्या शेजारचे आप्पा एसटीत चालक होते. जानेवारी २०२४ मध्ये, ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. पैसे खात्यात आले त्या सकाळी दारात उभे राहून म्हणाले, "भाऊ, मना फंड उना." (माझा फंड आला.) त्यांचा फंड म्हणजे पीएफ. नोकरदार घरात ‘फंड’ म्हटलं की पगारातून वर्षानुवर्षं कापला गेलेला पैसा, दुसरा अर्थच नाही. पुढच्या आठवड्यात पुण्याहून भाचा आला आणि म्हणाला, "मामा, हे पैसे फंडात टाका." तो बोलत होता लिक्विड फंडाबद्दल. आप्पांना वाटलं, जिथून पैसा निघाला तिथेच परत भरायला सांगतोय.

त्यात आम्ही अमळनेरकर. १९४५ साली इथे वनस्पती तुपाची कंपनी सुरू झाली, तीच पुढे विप्रो झाली. तिचे शेअर ज्यांनी जपून ठेवले त्यांच्या गोष्टी इथे घरोघरी सांगतात. त्यामुळे ‘म्युच्युअल फंड’ ऐकलं की गावातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर शेअरच येतो: लागला तर सोनं, नाहीतर गेले. एका शब्दाचे असे तीन अर्थ झाले, आणि म्हातारपणीचा निर्णय त्या गोंधळात घेतला जातो. मी पोस्टात काउंटरवर नोकरी केली. फॉर्म भरून झाल्यावर "हे काढता कधी येतील?" असं विचारणारी माणसं मी रोज पाहिली. खरं तर तो प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा.

लिक्विड फंडात शेअर नसतात. तुमचे-आमचे पैसे गोळा करून कंपनी ते सरकारला, बँकांना आणि मोठ्या उद्योगांना फार थोड्या दिवसांसाठी उसने देते, जास्तीत जास्त ९१ दिवसांसाठी. निदान २० टक्के रक्कम रोख किंवा सरकारी रोख्यांत ठेवावीच लागते. आज पैसे मागितले तर पुढच्या कामाच्या दिवशी बँकेत येतात. पहिल्या सहा दिवसांत काढले तर नगण्य आकार लागतो, सातव्या दिवसापासून तोही नाही. परतावा किती मिळेल हे मात्र कुणी लिहून देत नाही. बाजारातले व्याजदर चालतील तसा तोही चालतो.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खातं याच्या अगदी उलट. ही योजना २००४ पासून आहे, पोस्टात आणि बँकांत खातं निघतं. मुदत पाच वर्षं, नंतर तीन-तीन वर्षांनी वाढवता येते. एप्रिल २०२३ पासून दर ८.२ टक्के आहे आणि एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. सरकार दर तिमाहीला दराचा आढावा घेतं, पण खातं उघडलं त्या दिवशीचा दर पाच वर्षं तुमचाच राहतो. व्याज १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर आणि १ जानेवारीला जमा होतं. पाठीशी थेट केंद्र सरकार आहे.

दोन्ही ‘सुरक्षित’ म्हणून सांगितले जातात, आणि गफलत तिथेच होते. एकाची सुरक्षितता अशी की पैसा कधीही हाती येतो आणि मुद्दल सहसा हलत नाही. दुसऱ्याची अशी की ठरलेल्या तारखेला ठरलेला आकडा येणारच, पण मुद्दलाला मुदतीची गाठ आहे. सुटा पैसा आणि बांधलेला पैसा. दोन्ही लागतात, फक्त एकाचं काम दुसऱ्याला सांगायचं नाही.

आप्पांच्या बाबतीत एक चूक झाली, ती सविस्तर सांगतो, कारण ती टाळता येते. ओळखीतल्या कुणीतरी त्यांना सांगितलं, ज्येष्ठांचं खातं ६० पूर्ण झाल्यावरच निघतं. हे अर्धंच खरं आहे. ५५ ते ६० या वयात निवृत्त झालेल्या माणसालाही ते उघडता येतं. अट एवढीच की निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत उघडायचं, निवृत्तीचा आणि मिळालेल्या रकमेचा दाखला जोडायचा, आणि त्या रकमेपेक्षा जास्त भरायचं नाही. पूर्वी ही मुदत एकच महिना होती, नोव्हेंबर २०२३ मध्ये ती तीन महिने झाली. मी तेव्हा मुलीकडे नाशिकला होतो. परत येऊन आप्पांचं पासबुक पाहिलं तेव्हा चौथा महिना लागला होता. पैसे तसेच बचत खात्यात पडून होते. आता खऱ्याखुऱ्या ६० व्या वाढदिवसाची वाट पाहण्यावाचून इलाज नव्हता.

तेवढ्यात एका पतसंस्थेचा माणूस दीड टक्का जादा व्याज सांगून गेला. मी काकूंसमोर आप्पांचा हात धरून नाही म्हणालो. जळगाव जिल्ह्यात पतसंस्थांत अडकलेल्या ठेवींसाठी म्हातारी माणसं कशी खेटे घालत राहिली, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. बँकेतल्या ठेवीला माणशी, बँकेमागे ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. फंडालाही नाही, हे त्याच दमात सांगायला हवं.

म्हणून दोन वर्षांसाठी मोठी रक्कम दोन राष्ट्रीयीकृत बँकांत मुदत ठेवीत टाकली आणि साडेचार लाख लिक्विड फंडात. आप्पा फंडाला तयार नव्हते. केवायसीलाच पंधरा दिवस गेले, कारण आधारवर त्यांचं नाव वडिलांच्या नावासकट होतं आणि बँकेत नुसतं आद्याक्षर. (हे आधी जुळवून घ्या. पॅन, आधार, पासबुक, तिन्हीकडे नाव अक्षरन् अक्षर एक असू द्या.)

गेल्या वर्षी पावसाळ्यात, रविवारी रात्री काकू मोरीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. जळगावच्या दवाखान्यात दाखल करताना आधी पैसे भरायचे होते. त्या फंडात ताबडतोब पैसे काढायची सोय होती. अशी सोय असेल तिथे दिवसाला ५०,००० रुपये किंवा शिल्लकेच्या ९० टक्के, यांत जे कमी असेल ते मिळतं. भाच्याने मोबाईलवरून ५०,००० काढले आणि गाडी धरणगावच्या पुढे जाईपर्यंत आप्पांच्या फोनवर बँकेचा मेसेज आला. उरलेल्या रकमेची मागणी सोमवारी सकाळी टाकली, ती मंगळवारी जमा झाली. आप्पा अजूनही त्या मेसेजबद्दल बोलतात.

हाच पैसा ज्येष्ठांच्या खात्यात असता तर? तोही मिळाला असता, पण खातं मोडून. एका वर्षाच्या आत मोडलं तरी कपात होते. एक ते दोन वर्षांत मुद्दलाच्या दीड टक्का कापतात, दोन वर्षांनंतर एक टक्का. १० लाखांचं खातं चौदाव्या महिन्यात मोडलं की १५,००० गेले. शिवाय त्यातून थोडेसे काढता येत नाहीत, ८०,००० हवे असले तरी अख्खं खातं बंद करावं लागतं. यावर एक साधा उपाय आहे, तो काउंटरवर फारसं कुणी आपणहून सांगत नाही: एक मोठं खातं उघडण्याऐवजी तीन लहान उघडा. एकूण मर्यादेत राहून जास्त खाती चालतात. वेळ आली तर एकच मोडायचं.

मग सगळंच फंडात का ठेवू नये? असं विचारणारे बहुतेक तरुण असतात. फंडातून दरमहा ठरावीक रक्कम काढायची सोय आहे, पण फंडाने कमावलं त्यापेक्षा जास्त काढत राहिलात तर मुद्दल झिजतं. ते झिजताना दिसतही नाही, कारण महिन्याचा आकडा तोच येत राहतो. आणि फंडाच्या नावातला फरक नीट वाचावा लागतो. लिक्विड वेगळा, जास्त व्याजासाठी कमी दर्जाच्या कंपन्यांना कर्ज देणारा फंड वेगळा. एप्रिल २०२० मध्ये एका मोठ्या कंपनीने असल्या सहा योजना एका रात्रीत गोठवल्या. लोकांना पैसे परत मिळाले, पण हप्त्याहप्त्याने आणि बराच काळ वाट पाहून. ७० वर्षांच्या माणसाला वाट पाहायला सांगणं म्हणजे काय, ते ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं. लांब मुदतीच्या सरकारी रोख्यांचे फंडही असतात. त्यांत पैसे बुडत नाहीत, पण व्याजदर वाढले की तुमच्याकडचा जुना, कमी दराचा रोखा बाजारात कमी भावाने विकला जातो आणि फंडाचं मूल्य खाली येतं. फंडाच्या कागदावर जोखीम दाखवणारा काटा छापलेला असतो. तो डावीकडच्या पहिल्या दोन घरांच्या पुढे असेल तर म्हातारपणीचा सुटा पैसा तिथे ठेवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

करामुळे निर्णय फिरवावा अशी बहुतेक घरांची परिस्थिती नसते. नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या साध्या उत्पन्नावर कर पडत नाही. फरक एवढाच की ज्येष्ठांच्या खात्याचं व्याज दरवर्षी उत्पन्नात धरलं जातं, आणि फंडाचा नफा काढाल तेव्हाच. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा फंडाला जुनी सवलत उरलेली नाही, नफा तुमच्या नेहमीच्या दरानेच मोजतात. जुन्या पद्धतीत राहिलेल्या ज्येष्ठांना ठेवींच्या व्याजावर ५०,००० ची वजावट मिळते, ती फंडाच्या नफ्याला लागू नाही. पोस्टात वर्षाचं व्याज एक लाखाच्या आत असेल तर टीडीएस कापत नाहीत.

राहिलं एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना. नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सरकारच्या सेवेत लागलेल्या शिक्षक, तलाठ्यांचं ते आपोआप आहेच. निवृत्तीच्या दिवशी सगळा पैसा उचललाच पाहिजे असं नाही, एवढं त्यांनी लक्षात ठेवावं, पुढेही ठेवता येतो. बाकीच्यांसाठी डिसेंबर २०२५ मध्ये नियम सैल झाले. बिगरसरकारी सभासदाला ८० टक्के एकरकमी घेता येतात, उरलेल्या २० टक्क्यांची विमा कंपनीकडून पेन्शन घ्यावी लागते. तरीही साठीनंतर नव्याने एनपीएस उघडा असं मी कुणाला सांगणार नाही. पेन्शन एकदा विकत घेतली की सहसा परत फिरता येत नाही, आणि तोवर वाढायला हवा तेवढा वेळ त्या पैशाला मिळत नाही.

या जानेवारीत आप्पा ६० चे झाले. सकाळीच चेकबुक, दोन फोटो आणि आधारची प्रत पिशवीत घालून आले. माझ्या ओट्यावर बसून आम्ही घरखर्च मांडला. किराणा, वीज, गॅस, काकूंच्या गोळ्या, अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकींचा आहेर, सगळं. ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतची, पेन्शन जेमतेम तीन हजार. वर सात हजार तरी हवेत, तेही न मागता. हाताशी १४ लाख होते. त्यांतले १० लाख ज्येष्ठांच्या योजनेत, ४, ३ आणि ३ अशी तीन खाती. तिन्हींवर काकूंना जोडीदार म्हणून घेतलं. तीन लाख लिक्विड फंडात, म्हणजे दवाखाना आणि घराच्या पत्र्याची दुरुस्ती. एक लाख बचत खात्यात.

हिशोब असा: १० लाखांवर ८.२ टक्के म्हणजे वर्षाला ८२,०००, तिमाहीला २०,५००. आप्पांनी तो आकडा वहीवर लिहिला, तीनने भागला, ६,८३३ खाली दोन रेघा ओढल्या आणि विचारलं, "आणि हे व्याज नाही उचललं तर वाढेल का?" वाढत नाही. या योजनेत न उचललेल्या व्याजावर व्याज नाही. म्हणून पोस्टाच्या बचत खात्यातून दर तिमाहीला ते बँकेत आणायचं आणि खर्चून जे उरेल ते फंडात टाकायचं ठरलं.

पहिलं व्याज १ एप्रिलला येईल, पण तिमाही पुरती भरलेली नसल्यामुळे ते कमी असेल. हे काकूंना मी दोनदा सांगितलंय. पुरे २०,५०० जुलैच्या १ तारखेला.