महसीर वाढले म्हणजे महसीर वाचला का?

नदीत भरपूर मासे दिसणं वेगळं आणि त्या नदीचा स्वतःचा मासा टिकून असणं वेगळं. बोलताना आपण दोन्ही एकच धरतो, कुणी सांगितलं की अमुक धरणात इतके लाख बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशाची पिल्लं, सोडली की आपल्याला वाटतं चला, काम झालं. मला हा घोळ फार खटकतो, कारण ह्याच घोळात महसीर ह्या नदीतल्या मोठ्या माशाची एक अख्खी जात नाहीशी व्हायच्या बेतात आहे, आणि त्या कथेत आपलं लोणावळा सुद्धा आहे, तेही चांगल्या मनाने केलेल्या कामामुळे.

आधी दोन मासे ओळखून घेऊया. पहिला आपला, ज्याला आपल्याकडे खडशी म्हणतात. साइक्स नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून ह्याचं शास्त्रीय वर्णन केलं, नाव टॉर खुद्री. म्हणजे हा मूळचा कृष्णा-भीमेच्या बाजूचा मासा. मोठे खवले, जाड ओठ, पर निळसर करड्या रंगाचे. दुसरा मासा कावेरीच्या खोऱ्यातला, जगात दुसरीकडे कुठेच नाही. त्याची शेपटी आणि पर केशरी, आणि डोक्याच्या मागे पाठीला सरळ दिसेल असा उंचवटा, म्हणून त्याला कुबडा महसीर म्हणतात. १९४६ मध्ये कावेरीची उपनदी काबिनी, तिथे व्हॅन इंगेन ह्यांनी गळाने पकडलेला महसीर १२० पौंडांचा होता, म्हणजे साधारण ५४ किलो! गोड्या पाण्यात एवढा मासा वाढतो ह्यावर आज कुणाचा पटकन विश्वास बसणार नाही.

दोघंही महसीर, दोघंही वाहत्या पाण्यातले, दोघंही पावसाळ्यात वरच्या अंगाला चढून गोट्या-वाळूच्या तळावर अंडी घालणारे. लांबून बघितलं तर "महसीर तो महसीर" असंच वाटतं, आणि बरीच वर्षं सगळ्यांना तसंच वाटलं.

आता लोणावळा. टाटा पॉवरच्या वळवण इथल्या हॅचरीत १९७० च्या दशकापासून महसीरचं कृत्रिम प्रजनन सुरू झालं, महाराष्ट्राच्या मत्स्य खात्याचे माजी संचालक सी. व्ही. कुलकर्णी ह्यांचा त्यात मोठा वाटा. हे काम खरोखर बघण्यासारखं असतं. पिकलेली मादी ओल्या फडक्यात धरायची, पोटावरून हलक्या हाताने बोटं मागे न्यायची, की पिवळसर सोनेरी अंडी कोरड्या ट्रेमध्ये पडतात, त्यावर नराचं पांढरं वीर्य पिळायचं, पक्ष्याच्या पिसाने हळूच ढवळायचं, मग पाणी घालायचं. वाहत्या पाण्याखाली ट्रेमध्ये ठेवलेली अंडी तीन-चार दिवसांत फुटतात. ज्या काळात महसीर कसा वाचवायचा हेच कुणाला सुचत नव्हतं त्या काळात ह्या लोकांनी हे जमवून दाखवलं आणि देशभर बोटुकली पुरवली. ह्या मेहनतीबद्दल मला आदरच आहे.

पण त्यातली बोटुकली कावेरीत पण गेली. गेल्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत निळसर परांचा खडशी कावेरीत सोडला गेला, कारण तिथला महसीर कमी होतोय आणि आपल्याकडे महसीर तयार आहे. तेव्हा ते अगदी सरळ वाटलं असणार.

पुढे काय झालं ते कळलं गळाने मासेमारी करणाऱ्यांच्या वह्यांमधून. कावेरीवर गालिबोरेसारखे कॅम्प होते, मासा पकडायचा, वजन करायचं, नोंद करायची आणि परत सोडायचा. अशा १९९८ ते २०१२ मधल्या सहा हजारांवर महसीरच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या तर असं दिसलं की दर तासाला गळाला लागणारे मासे वर्षागणिक वाढत गेलेत. नुसता हा आकडा बघितला तर कुणीही म्हणेल की वा, संरक्षण यशस्वी झालं. पण त्याच वह्यांत सरासरी वजन घटत गेलेलं होतं, आणि परांचा रंग बघितला तर वाढलेले सगळे निळसरवाले होते, केशरी परांचा कुबडा महसीर जवळजवळ दिसेनासा झाला होता. म्हणजे महसीर वाढत होते आणि त्याच वेळी कावेरीचा महसीर संपत होता. वाळूउपसा, जिलेटिन लावून मासे मारणं, धरणं, हे सगळं होतंच, पण बाहेरून आणलेल्या भावंडाने जागा घेतली हे त्यातलं मोठं कारण मानलं जातं.

ह्याहून वाईट म्हणजे त्या कुबड्या महसीरला तेव्हा पक्कं शास्त्रीय नावसुद्धा नव्हतं. इतकी प्रसिद्ध जात, फोटो आहेत, रेकॉर्ड आहेत, पण ती नेमकी कोण हे ठरलेलं नाही, आणि नाव ठरल्याशिवाय संकटग्रस्तांच्या लाल यादीत नोंद होत नाही. हा गुंता सोडवायला २०१८ साल उजाडावं लागलं. शरीराची मोजमापं आणि डीएनए दोन्ही ताडून बघितल्यावर कळलं की हा म्हणजे केरळच्या पांबार नदीतून २००७ मध्ये वर्णन झालेला टॉर रेमादेवी. पांबार ही कावेरीच्याच खोऱ्यातली नदी. लगेच त्याच वर्षी त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' म्हणून झाली. आणि आपला खडशी, जो आधी संकटग्रस्त धरला जायचा, तो नव्या मूल्यमापनात सर्वात कमी चिंतेच्या गटात गेला. दोघांना एकच समजून जे धोरण आखलं, ते ज्याला गरज कमी त्याच्या कामी आलं आणि ज्याला खरी गरज होती त्याच्या मुळावर उठलं.

आता जनुकांच्या बाजूने बघू, कारण संख्या आणि विविधता ह्यातला फरक एकाच जातीच्या आतसुद्धा तितकाच असतो आणि तो डोळ्याला दिसत नाही. जनुकीय विविधता म्हणजे एकाच जातीच्या माशांमध्ये एकाच जनुकाची वेगवेगळी रूपं किती आहेत. कुणी कमी ऑक्सिजन सहन करतं, कुणी एखाद्या रोगाला दाद देत नाही, कुणी लवकर चढतं कुणी उशिरा. पाऊस वीस दिवस लांबला तर उशिरा चढणारे निभावतात, त्यांच्या पिल्लांतून पुढची पिढी होते. सगळेच एकसारखे असतील तर एक वाईट वर्ष सगळ्यांनाच नेतं. गावात हजार माणसं आहेत पण सगळी एकाच आजोबांची नातवंडं, असं गाव डोळ्यासमोर आणा. डोकी हजार, वारसा एकाचाच.

म्हणून शास्त्रज्ञ डोकी मोजून थांबत नाहीत, 'प्रभावी संख्या' काढतात, म्हणजे जनुकांच्या हिशोबाने खरे किती आईबाप पुढच्या पिढीत उतरतायत. हॅचरीत नर कमी आणि माद्या जास्त असं सहज होतं, कारण एका नराचं वीर्य बऱ्याच माद्यांच्या अंड्यांना पुरतं. समजा ५० माद्या आणि ५ नर वापरले. एकूण जनक ५५, पण प्रभावी संख्या येते जेमतेम १८. एकच नर वापरला तर ५० माद्या असूनही ती ४ च्या आसपास येते, मग त्यांच्यापासून लाखभर बोटुकली का होईना. हे साधं गणित आहे, नर गुणिले माद्या गुणिले चार, भागिले दोघांची बेरीज, कुठल्याही मत्स्यबीज केंद्रावर वहीत करून बघता येईल.

आणि अशी बोटुकली नदीत सोडल्यावर काय होतं? "निदान वाईट तर होणार नाही" असं बऱ्याच जणांना वाटतं, पण होऊ शकतं. स्वीडनच्या निल्स रायमन आणि लिंडा लाइक्रे ह्यांनी १९९१ मध्ये हे गणिताने मांडलं. उदाहरण घ्या, नदीतल्या माशांची प्रभावी संख्या २००, हॅचरीतल्या जनकांची १०. पुढच्या पिढीतले निम्मे मासे हॅचरीचे असतील तर सगळ्यांची मिळून प्रभावी संख्या २१० होत नाही, ती ३८ वर येते! कारण अर्धी नदी त्या दहांच्याच पोरांनी भरली. मासे वाढले, जाळ्यात जास्त यायला लागले, आणि आतला साठा पाचपटीने आटला. मला विचाराल तर ह्या सगळ्या विषयात लोकांना सांगायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि नेमकी तीच कुणी सांगत नाही.

त्यात पुन्हा हॅचरीत जगायला जे लागतं ते नदीत जगायला लागत नाही. टाकीत खाद्य वरून येतं, शिकारी नाही, प्रवाह नाही, तिथे जे टिकतात ते टाकीसाठी निवडले गेलेले. अमेरिकेत ओरेगनच्या हूड नदीतल्या स्टीलहेड माशांवर २००७ मध्ये आलेल्या अभ्यासात असं दिसलं की बंदिस्त वाढवलेल्या प्रत्येक पिढीगणिक नदीत यशस्वी प्रजनन करायची क्षमता साधारण ४० टक्क्यांनी घसरते.

इथे एक शंका हमखास येते. विविधता हवी ना, मग दुसऱ्या नदीतले मासे आणून मिसळले तर विविधता वाढेलच की! प्रश्न रास्त आहे, पण विविधता दोन पातळ्यांवर असते. एक नदीच्या आतली आणि एक नद्या-नद्यांमधली. कृष्णेचा खडशी हजारो वर्षं कृष्णेच्या पाण्याला, तिथल्या पुराच्या वेळेला जुळत आलाय, गोदावरीकडचा तिकडच्या पाण्याला. सगळीकडे एकाच हॅचरीचं बीज टाकलं तर एखाद्या नदीत विविधता वाढल्यासारखी दिसेल पण सगळ्या नद्या हळूहळू एकसारख्या होतील, आणि एकदा मिसळलेलं परत वेगळं काढता येत नाही. उलट एकाच नदीत धरणामुळे तुटून पडलेला एखादा छोटा गट असेल आणि आपसात वीण होऊन दुबळा होत चालला असेल, तर त्याच नदीतले थोडे मासे धरणापलीकडून आणून सोडणं हे खरंच उपयोगाचं असतं. मिसळणं वाईट असं सरसकट नाही. कोण, कुठून, आणि आधी एकमेकांत येणं-जाणं होतं का, हे बघावं लागतं.

ते येणं-जाणं आपणच बंद केलंय. चढणारा मासा चढतो म्हणून वरच्या आणि खालच्या माशांची जनुकं मिसळत राहतात. कावेरीवर मेत्तूर धरण १९३४ मध्ये झालं, त्याच्या खालच्या महसीरला वरची वाट कायमची बंद. आपल्याकडे भीमेच्या खोऱ्यात तर धरणामागे धरण. आणि जो पहिल्या पावसात चढतो, त्याला आपण चढणीचे मासे म्हणून ओढ्यातच गाठतो, पोटात अंडी असताना. कोकणातल्या लोकांना ह्याचं किती अप्रूप असतं ते मला माहीत आहे आणि एका घरच्या कालवणाने नदी रिकामी होत नाही, पण आता मोठी जाळी लावून ओढेच्या ओढे अडवतात, तेव्हा त्या वर्षीचे आईबापच जातात. दुसरीकडे महाडजवळची वाळण कोंडी किंवा वाडा गावाजवळचं तिळसे, तिथे देवाचे मासे म्हणून महसीरला कुणी हात लावत नाही, ह्याचं मोल फार मोठं आहे. फक्त डोह राखला आणि डोहाला जोडणारी नदी कोरडी पडली तर ते मासे दिसत राहतील पण एकटे पडतील.

हे सगळं तपासायला मासा मारावा लागत नाही. शेपटीच्या कडेचा नखाएवढा तुकडा कापायचा, अल्कोहोलच्या कुपीत टाकायचा, मासा परत पाण्यात. त्यातून मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए बघितला तर आईकडची वंशरेषा कळते, पण तेवढ्यावर थांबू नये, कारण बाप दुसऱ्या जातीचा असेल तर ते त्यात दिसतच नाही, त्यासाठी पेशीकेंद्रातल्या डीएनएचे मार्कर, म्हणजे ओळखखुणा, पण बघावे लागतात. मत्स्य आनुवंशिक संसाधनांसाठी राष्ट्रीय ब्युरो १९८३ पासून आहे, आता तो लखनौला आहे, माशांचं वीर्य गोठवून ठेवायचं तंत्रही आपल्याकडे आहे. माशाची अंडी मात्र बलकामुळे तशी गोठवून ठेवता येत नाहीत, म्हणजे माद्या नदीत जिवंत राहायलाच हव्यात, फ्रीजरवर भिस्त ठेवून चालणार नाही.

कुबडा महसीर आज कावेरीच्या खोऱ्यात मोयार नदीसारख्या थोड्या ठिकाणी उरलाय. तिथे दुसऱ्या खोऱ्यातलं महसीरचं बीज अजिबात जाऊ नये, एवढं तरी व्हायलाच हवं. आणि आपल्याकडे पुढच्या वेळी कुठे मत्स्यबीज सोडायचा कार्यक्रम असेल तर किती लाख हे विचारून थांबू नका. जनक मासे कुठल्या नदीतले, नर किती, माद्या किती, दरवर्षी बदलतात की तेच तेच, आणि जिथे सोडताय तिथला मूळ मासा आधी तपासला का, हे विचारा. बोटुकलीच्या प्रत्येक खेपेबरोबर ही माहिती लेखी यायला पाहिजे, आणि नसेल तर ती खेप वाहत्या नदीत न जाता तलावात जावी, जिथून ती पुरात सुद्धा नदीला मिळणार नाही.