बडोद्यातील जीवदया

जीवदया, बडोद्यातील : जखमी, अडकलेल्या किंवा वस्तीत शिरलेल्या प्राण्यांना सोडवणे, त्यांच्यावर उपचार करणे आणि त्यांना पुन्हा त्यांच्या जागी नेऊन सोडणे, असे हे काम बडोदे शहरात चालते. वनखाते, प्राणिदया संस्था, पशुवैद्य आणि मोठ्या संख्येने बिनपगारी स्वयंसेवक मिळून ते करतात. ‘जीवदया’ हा इथल्या गुजराती बोलण्यातला रोजचा शब्द. दांडिया बाजार, रावपुऱ्याच्या मराठी घरांतही तो तसाच रुळला आहे. या कामाचे मर्म शेवटच्या टप्प्यात, म्हणजे सोडून देण्यात आहे, आणि शहराला ते शिकायला बराच काळ लागला.

गायकवाडांच्या दरबारात साठमारी हा मानाचा खेळ होता. आगड नावाच्या भिंतबंद मैदानात मस्तावलेला हत्ती सोडायचा, साठमारांनी त्याला डिवचायचे आणि तो अंगावर आला की त्याचे धूड शिरणार नाही अशा अरुंद फटीतून निसटायचे. हत्तींच्या झुंजीही लागत. नोव्हेंबर १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स बडोद्यात आले, तेव्हा पाहुण्यांच्या करमणुकीसाठी झुंजीच लावल्या होत्या. त्याच वर्षी बारा वर्षांचे सयाजीराव गादीवर आले. पुढे १८७९ मध्ये विश्वामित्रीच्या काठी सयाजीबाग झाली; तिला जुने बडोदेकर अजून कमाटीबागच म्हणतात. हत्ती गेले, नाव राहिले. हाथीखाना हा आज धान्याचा घाऊक बाजार आहे.

दरबारात झुंजी चालत त्या काळात गावात पांजरापोळीची परंपराही होती. गुजरातभर महाजने, म्हणजे व्यापाऱ्यांचे संघ, धंद्यावर लागा (कर) बसवत आणि त्या पैशातून म्हातारी, लंगडी, भाकड गुरे मरेपर्यंत सांभाळत. बडोद्यातही पांजरापोळ आहे. तिच्यामागची जैन व वैष्णव श्रद्धा खरी आहे, आणि दुष्काळात तिने किती जनावरे जगवली असतील याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. मात्र तिथे आत आलेले जनावर सहसा बाहेर जात नाही. पोसणे हीच तिथली दया.

क्रूरतेविरुद्ध कायद्याने लढणाऱ्या संस्था इंग्रजी मुलखात आल्या. कलकत्त्याची १८६१ ची, मुंबईची १८७४ ची. कायदा १८९० मध्ये झाला आणि स्वातंत्र्यानंतर त्याची जागा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने घेतली. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला दहा ते पन्नास रुपये. बैलाच्या खांद्यावरच्या ओल्या जखमेची किंमत इतकी कमी लावली गेली, हे वाचताना आजही त्रास होतो. बडोद्याच्या कामाला खरा आधार मिळाला तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा, कारण या शहरातला सर्वांत मोठा रहिवासी त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे.

तो रहिवासी म्हणजे मगर. विश्वामित्री पावागडच्या डोंगरांत उगम पावते, शहराच्या मधोमध वळणे घेत जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळते. कमाटीबागेजवळच्या पुलावर हिवाळ्यात सकाळी उभे राहिले, तर काठाच्या चिखलावर ऊन खात पडलेल्या मगरी दिसतात, आणि मागून शाळेच्या रिक्षा जात असतात. फेब्रुवारी २०२५ च्या गणनेत विश्वामित्रीत ४४२ मगरी मोजल्या गेल्या. इतक्या दाट वस्तीतून वाहणाऱ्या नदीत इतक्या मगरी असणे ही जगात विरळा गोष्ट आहे. मासे, मेलेली जनावरे, कधी कुत्रे नि डुकरे यांवर त्या जगतात. मऊ मातीचे उंच काठ त्यांना बिळे खणायला सोयीचे पडतात. माणसांवर हल्ले झालेले आहेत, माणसे दगावलीही आहेत. काठावरच्या झोपडीत राहणाऱ्या, नदीवरच कपडे धुणाऱ्या बाईला मगरीचे कौतुक सांगू नये. ‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ ही म्हण भीतीपोटी केलेल्या स्तुतीची आहे. बडोद्यातल्या स्वयंसेवकांना अशी स्तुती करावी लागत नाही, कारण त्या पाठीवर ते प्रत्यक्ष बसतात.

पकडण्याची रीत ठरलेली आहे. फोन येतो तो बहुधा रात्री. उत्तरातले पहिले वाक्य मगरीबद्दल नसतेच : ‘काकू, दार लावून घ्या, आणि बाहेर गर्दी होऊ देऊ नका.’ जीप येईपर्यंत अर्धी सोसायटी मोबाईल उगारून उभी असते, आणि निम्मे कष्ट तिला मागे सारण्यात जातात. मग काठीला लावलेला दोराचा फास तोंडात किंवा मानेत अडकवायचा. ओले गोणपाट डोळ्यांवर टाकायचे. अंधार झाला की मगर बरीच शांत होते. त्याच क्षणी एकजण पाठीवर बसून मान दाबतो आणि दुसरा तोंड मिटून धरतो. मगरीचा जबडा मिटतो तो हाडे फोडण्याच्या ताकदीने, पण तो उघडणारे स्नायू इतके दुबळे असतात की दोराचे चार वेढे पुरतात. नाकपुड्या मोकळ्या ठेवायच्या. पाय बांधायचे, फळीवर घ्यायचे, पिंजऱ्यात ठेवायचे. हे सगळे लवकर उरकावे लागते, आणि त्याचे कारण माणसांच्या भीतीपेक्षा वेगळे आहे. धडपडून दमलेल्या मगरीच्या रक्तात आम्ल साठते आणि मोठी मगर तेवढ्यानेही दगावू शकते. लोकांना वाटते, ताकदीचा खेळ चालला आहे. जाणकार मात्र मगरीचा श्वास मोजत असतात.

कायद्याच्या भाषेत वन्यप्राणी पकडणे हेसुद्धा शिकारीत मोडते, म्हणून स्वयंसेवकाला हे स्वतःच्या मनाने करता येत नाही. तो वनखात्याच्या परवानगीने आणि त्यांच्या माणसांबरोबरच हे काम करतो. गुजरात सोसायटी फॉर प्रिव्हेन्शन ऑफ क्रुएल्टी टू ॲनिमल्स या बडोद्यातील संस्थेचे कार्यकर्ते अनेक वर्षे असेच काम करत आहेत.

पुरात या रीतीची कसोटी लागते. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला आणि मगरी रस्त्यांवर आल्या. ऑगस्ट २०२४ च्या पुरात २७ ते २९ या तीन दिवसांत वनखात्याने वस्त्यांमधून २४ मगरी उचलल्या. सर्वांत लहान दोन फुटांची होती, तर सर्वांत मोठी, चौदा फुटांची, नदीकाठच्या कामनाथनगरात सापडली. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाजवळही अकरा फुटांची एक निघाली. त्याशिवाय साप, नाग, चाळीस-चाळीस किलोंची कासवे आणि एक साळिंदर धरून ७५ इतर प्राणी सोडवले. त्याच पुरानंतर दोन तरुण स्कूटरवरून, मागच्याच्या मांडीवर आडवी मगर घेऊन वनखात्याकडे निघाल्याचे चित्रीकरण देशभर पाहिले गेले. देश हसला. पण त्या मगरीला कुणी दगड घातला नव्हता.

पकडलेली मगर तपासून पुन्हा विश्वामित्रीतच सोडतात, पूर असेल तर पाणी ओसरल्यावर. ‘लांब कुठेतरी का सोडत नाही?’ हा प्रश्न दरवेळी येतो. मगरीला आपली जागा कळते आणि ती परत निघते. परतीची ती वाट शेतांतून, रस्त्यांवरून जाते. परक्या पाण्यात तिथल्या मगरींशी झुंज होते ती वेगळीच.

भटक्या कुत्र्यांच्या बाबतीतही नियम हाच आहे. नसबंदी व रेबीजची लस झाली की कानाला खाच पाडून कुत्र्याला ज्या गल्लीतून उचलले तिथेच सोडायचे असते. हे २००१ च्या आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांत आहे. सोसायट्यांमधली भांडणे बहुतेक याच एका वाक्यावरून होतात.

उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचे, दिवस मात्र सगळ्यांत जिवावरचे. १४ आणि १५ जानेवारीला सगळे शहर गच्चीवर असते. काच लावलेला मांजा तुटून झाडांवर, तारांवर लोंबतो आणि पुढे कित्येक आठवडे कापत राहतो. पक्षी पहाटे बाहेर पडतात आणि सूर्यास्ताला परततात, म्हणून त्या वेळांत पतंग उडवू नका असे दरवर्षी सांगावे लागते. राज्यात २०१७ पासून १० ते २० जानेवारी या काळात जखमी पक्ष्यांसाठी करुणा अभियान चालते. जनावरांच्या रुग्णवाहिकेचा क्रमांक १९६२ आहे. उपचाराच्या टेबलावर येणारे बहुतेक पक्षी कबुतरे असतात, त्याखालोखाल घारी, अवाक (शराटी पक्षी), घुबडे. दोरा पंखाच्या पुढच्या कडेच्या पातळ कातडीत रुतलेला असतो. तो ओढायचा नाही; दोन्ही बाजूंनी कापून, पिसे ओली करून बाजूला सारत मग हळूच काढायचा. नुसती कातडी फाटली असेल तर टाके पडतात आणि काही दिवसांनी पक्षी उडतो. स्नायू हाडाला बांधणारा कंडरा तुटला असेल तर पक्षी पुन्हा कधी उडत नाही. पशुवैद्य पंख उलगडून दिव्यासमोर धरतात, तेव्हा निकाल त्यांच्या चेहऱ्यावर आधी दिसतो.

अलीकडे या कामात नदीच्या काठाचा प्रश्नही आला आहे. २०२४ च्या पुरानंतर, २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी विश्वामित्रीचे पात्र खोल व रुंद करण्याचे काम झाले. पुराने घरे बुडालेल्यांना ते हवेच होते. पण जेसीबी आणि पोकलेन चालवण्याचे कोरडे महिने तेच मगरीच्या विणीचे महिने. उन्हाळ्याच्या तोंडाशी मादी काठात खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते आणि दोनेक महिने जवळपास राखण करते. पाऊस येण्याच्या सुमारास अंड्यांतून पिल्ले आवाज देऊ लागतात. मग ती माती उकरते आणि वीतभर पिल्ले त्याच जबड्यात अलगद धरून पाण्यात नेते.