ग्राउंड रेंट आणि सर्व्हिस चार्ज: लंडन डॉकलंड्समध्ये फ्लॅट घेताना या दोघांची बेरीज करू नका

कॅनरी वॉर्फ, वॉपिंग, सरे क्वेज, रॉयल डॉक्स या लंडनच्या जुन्या गोद्यांच्या भागात फ्लॅट बघणाऱ्या आपल्या मंडळींचा एक गोंधळ मला सारखा दिसतो. जाहिरातीत खाली दोन आकडे असतात, ग्राउंड रेंट इतका आणि सर्व्हिस चार्ज इतका, बघणारा दोन्ही मिळवतो, "म्हणजे वर्षाचा मेंटेनन्स एवढा" म्हणतो आणि बाल्कनीतून पाणी बघायला निघून जातो. प्लीज असं करू नका, कारण हे दोन पैसे पूर्ण वेगळ्या कारणासाठी जातात, वेगळ्या तऱ्हेने वाढतात आणि त्यांच्यावर भांडायची जागाही वेगळी आहे.

आधी थोडं मागचं. इथल्या गोद्या १९६० च्या दशकाच्या शेवटापासून एकेक करत बंद पडल्या, रॉयल डॉक्स १९८१ मध्ये. त्याच वर्षी सरकारने या भागाच्या पुनर्विकासासाठी लंडन डॉकलंड्स डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन काढलं, ते १९९८ पर्यंत चाललं. जुन्या गोदामांचे फ्लॅट झाले, मोकळ्या जागांवर टॉवर आले, १९८७ ला डीएलआर ही हलकी रेल्वे आणि १९९९ ला ज्युबिली लाइन ही मेट्रो आली. यातले जवळपास सगळे फ्लॅट लीजहोल्ड आहेत, म्हणजे तुम्ही ठराविक वर्षांचा हक्क विकत घेता, इमारत आणि जमीन फ्रीहोल्डरची, म्हणजे मूळ मालकाचीच राहते. आपल्याकडच्या सोसायटीत आपण सभासद असतो, सभेत उठून खर्चाबद्दल विचारतो. इथे बऱ्याच ठिकाणी मालक वेगळा, खर्च ठरवणारी मॅनेजिंग एजंट कंपनी वेगळी आणि बिल भरणारे तुम्ही.

आता ग्राउंड रेंट. हे जमिनीचं भाडं, त्याच्या बदल्यात तुम्हाला काहीही मिळत नाही, ना लिफ्ट ना झाडलोट. किती आणि कधी वाढणार हे लीजमध्ये लिहिलेलं असतं आणि त्यावर "हे जास्त आहे" असा वाद घालायला ट्रायब्युनल (अशा तक्रारींचा न्यायाधिकरण) नाही, सही केली की संपलं. म्हणून आजचा आकडा बघून खूश होऊ नका, वाढीचं कलम वाचा. समजा आज २५० पाउंड आहे आणि दर १० वर्षांनी दुप्पट होतं असं लिहिलंय, तर २० वर्षांनी १,००० आणि ५० वर्षांनी ८,००० पाउंड वर्षाला! असं कलम असलेल्या फ्लॅटवर बँका कर्ज द्यायला कां कू करतात, म्हणजे उद्या तुम्हाला विकायचा झाला तरी गिऱ्हाईक अडकतं.

३० जून २०२२ पासून नवीन लांब मुदतीच्या लीजवर, थोडे अपवाद सोडले तर, ग्राउंड रेंट शून्य असतो. पण १९८०-९० मधल्या इमारतींची लीज जुनी, त्यांना हे लागू नाही. तिथे अजून एक बघायचं, उरलेली वर्षं. १९८८ ची १२५ वर्षांची लीज २०३३ मध्ये ८० वर्षांवर येते, आणि ८० च्या खाली गेली की लीज वाढवताना मॅरेज व्हॅल्यू नावाची जादा रक्कम द्यावी लागते (२०२४ च्या कायद्यात ती काढायची तरतूद आहे, पण ते कलम प्रत्यक्ष लागू झालंय का हे घेताना वकिलाला विचाराच). कायद्याच्या हक्काने लीज वाढवली की ग्राउंड रेंट शून्यावर येतो, म्हणजे हा खर्च कायमचा संपवता येतो.

सर्व्हिस चार्ज म्हणजे इमारतीच्या देखभालीचा तुमचा वाटा, तो कधीच संपत नाही, आणि पाण्याकाठी खरी कळ इथेच आहे. विमा, लिफ्ट, कॉन्सिअर्ज (प्रवेशद्वाराशी बसणारे कर्मचारी), सामायिक हीटिंग, आतली बाग, काचेच्या टॉवरला बाहेरून काचा पुसायला दोरावरून उतरणारी माणसं, आणि काही इमारतींच्या लीजमध्ये नदीच्या भिंतीची किंवा काठच्या फूटपाथची डागडुजीसुद्धा. थेम्सला इथे भरती-ओहोटी आहे, भिंतीचं काम निघालं की ते साधं गिलाव्याचं काम नसतं. म्हणून लीजमध्ये रिव्हर वॉल असा शब्द आहे का ते शोधा. असेल तर ती शेवटची कधी तपासली आणि रिझर्व्ह फंडात (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या पैशात) किती पैसे आहेत हे लेखी मागा. मला विचाराल तर जिम आणि स्विमिंग पूलपेक्षा रिझर्व्ह फंडाचा आकडा शंभर पटीने महत्त्वाचा, कारण फंड रिकामा असला की मोठ्या दुरुस्तीचं बिल एकदम येतं आणि पहिलं घर घेऊन आधीच ओढाताण चाललेल्या माणसाला ते फार लागतं. मला खरंच वाईट वाटतं अशा वेळी.

पण इथे तुमच्या हातात बरंच काही आहे. १९८५ च्या कायद्याप्रमाणे सर्व्हिस चार्ज वाजवी असलाच पाहिजे, नसेल तर फर्स्ट-टिअर ट्रायब्युनलकडे जाता येतं. दुरुस्तीत एका फ्लॅटच्या वाट्याला २५० पाउंडांपेक्षा जास्त येणार असतील तर आधी रीतसर सल्लामसलत करावी लागते, ती टाळली आणि ट्रायब्युनलने सूट दिली नाही तर प्रत्येकाकडून २५० च घेता येतात. खर्च झाल्यापासून १८ महिन्यांत बिल किंवा लेखी सूचना आली नाही तर तो वसूल करता येत नाही. निम्मे फ्लॅटवाले एकत्र आले तर राइट टू मॅनेजने व्यवस्थापन स्वतःकडे घेता येतं. खाली रेस्टॉरंट-ऑफिसं असलेल्या इमारती पूर्वी यातून बाहेर पडायच्या कारण बिगर-निवासी जागेची मर्यादा २५ टक्के होती, मार्च २०२५ पासून ती ५० झाली, पाण्याकाठच्या अशा इमारतींना याचा मोठा फायदा आहे. व्यवस्थापन घेतलं तरी ग्राउंड रेंट मात्र फ्रीहोल्डरलाच जात राहतो हे लक्षात असू द्या.

कोणतंही बिल आलं की लगेच पैसे अडवून बसू नका, आधी कागद बघा. ग्राउंड रेंटची मागणी ठरलेल्या नमुन्यातच यावी लागते, सर्व्हिस चार्जच्या मागणीसोबत तुमच्या हक्कांचं पत्रक जोडावं लागतं, नाहीतर ते जोडून येईपर्यंत तुम्ही पैसे थांबवू शकता. पण रीतसर आलेलं बिल थकवत राहिलं तर शेवटी लीज जाण्यापर्यंत वेळ येऊ शकते, दोन्ही बाबतीत.

व्यवहार पूर्ण होतो त्या दिवशीही फरक दिसतो. ग्राउंड रेंट दिवसांच्या हिशोबाने विकणारा आणि घेणारा यांच्यात वाटला की विषय मिटतो. सर्व्हिस चार्ज आधी अंदाजाने भरलेला असतो, खरा हिशोब वर्ष संपल्यावर लागतो आणि कमी पडलेले पैसे त्या वेळच्या मालकाकडे म्हणजे तुमच्याकडे मागितले जातात. म्हणून तुमच्या सॉलिसिटरला (वकिलाला) सांगा की विकणाऱ्याच्या पैशातली थोडी रक्कम हिशोब लागेपर्यंत राखून ठेवा, आणि हे कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज (ज्यानंतर करार बंधनकारक होतो) व्हायच्या आधी सांगा, नंतर कोणी ऐकत नाही.